एका मताने निवडून आलेला नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. एकोणीसशे सत्तावन्न सालच्या निवडणुकीत मी एका मताने निवडून आलो.

मित्रांनो, वरचं दुसरं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं कृपया समजा. तसं काहीही झालेलं नाही. मी उमेदवार नव्हतो. माझी पेटी नव्हती. कोणत्याही पेटीवर माझं चित्र नव्हतं. सरकारी कागदांत तशी नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते झालेलं नसतं, एवढं मी चांदा जिल्ह्यात राहून शिकलो आहे. तेव्हा आपण पहिल्यापासून सुरुवात करू आणि त्या मताचा विषय काढायचा नाही असं ठरवू.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. कागदाला मागून कापड डकवलं, वरखाली लाकडी दांडे ठोकले आणि तोंडावरून वार्निशचा हात फिरवला. मी खूप चकाकत होतो. पण मी आजच्या अमेरिकेचा नकाशा नाही. सन अठराशे ते अठराशे चाळीस या चाळीस वर्षांत तिथं काय काय बदललं, तेवढंच माझ्या अंगावर आहे. म्हणजे मी जन्मलो तेव्हाच शंभर वर्षांनी जुना झालेलो होतो. बालपण कसं असतं ते मला ठाऊक नाही.

एका परोपकारी मंडळाने हिंदुस्थानातल्या शाळांना भेट म्हणून आमच्या पेट्या पाठवल्या. धानोऱ्याच्या पुढे जंगलात चिचटोला नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेचे गुणवंतराव गुरुजी तीन वर्षं वरच्या ऑफिसला अर्ज करत होते, की आम्हाला आमच्या जिल्ह्याचा एक नकाशा द्यावा. वरच्या ऑफिसने तो अर्ज काळजीपूर्वक वाचला आणि मला पाठवलं.

जहाजातून मुंबई, मुंबईहून रेल्वेने नागभीड. नागभीड जंक्शनच्या पार्सल ऑफिसात मी अकरा दिवस गोणपाटात गुंडाळून पडून होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिथून बैलगाडीने चिचटोला. गुरुजींनी गोणपाट उसवलं, मला उलगडलं, आणि माझ्यावर आपला जिल्हा शोधू लागले.

"यात धानोरा कुठी हाये जी?" दारातून झाडू नावाच्या कोतवालाने विचारलं.

"यात धानोरा नाही."

"गडचिरोली?"

"तेही नाही."

"मंग उलटा धरला असन तुमी," असं म्हणून झाडू कोतवाल निघून गेला.

माझं स्वागत एवढंच झालं.

गुरुजी मात्र मनाने सरळ होते. आलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाही म्हणून त्यांनी माझ्यावर मराठीत लिहिलेल्या चिठ्ठ्या खळीने डकवल्या आणि वर्षातून एकदा, दोन दिवस, मला भिंतीवर टांगून अमेरिका शिकवली. ते सांगायचे, की अठराशे साली तिथं सोळा राज्यं होती, चाळीस साली सव्वीस झाली. आधी बहुतेक ठिकाणी जमीनजुमला असेल त्यालाच मत होतं. मग सुतार, लोहार, नावाडी म्हणू लागले की आम्हीही माणसं आहोत, आणि एकेक राज्य करत ती अट गेली. एक नवा अध्यक्ष आला तेव्हा तर आनंदाने लोक चिखलाच्या बुटांनी त्याच्या घरातच घुसले. काचेची भांडी फुटली. शेवटी दारूची पिंपं बाहेर हिरवळीवर नेऊन ठेवली, तेव्हा घर रिकामं झालं. हे ऐकून पोरं फार खूश व्हायची. आपल्या गावाच्या पंगतीसारखंच तिथं चालतं, असं त्यांना वाटायचं.

मग गुरुजी आवाज खाली आणून पुढचं सांगायचे. हे मत फक्त गोऱ्या पुरुषांना होतं. काळ्या माणसांना काही राज्यांत मत होतं, ते याच चाळीस वर्षांत काढून घेतलं. लाखो काळी माणसं तर गुलामच होती. आणि जंगलात आधीपासून राहणारे जे लोक होते त्यांना घरादारातून उठवून मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकललं. हजारो वाटेत मेले. माझ्या अंगावर खालच्या उजव्या कोपऱ्यातून डावीकडे बारीक बारीक माणसांची एक रांग छापलेली आहे, ती त्यांचीच.

दोन दिवस संपले की मला गुंडाळून कपाटावर ठेवायचे. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस मी छत बघत असे. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. एक पाल होती. ती माझ्याशी बोलत नसे.

मित्रांनो, आता ताराबाई.

ताराबाई गावातल्या ढिवरांची. मोठ्या तलावावर मासे धरायची, बाजारात विकायची, आणि दर शनिवारी दुपारी पोरं घरी गेल्यावर शाळा सारवायची. गावात तिला ताराबाई कोणी म्हणत नसे. इस्तारीची माय म्हणत. इस्तारी तिचा मुलगा. तो तीन वर्षांचा असताना तापाने गेला. पण गावाला एकदा नावाची सवय झाली की गाव ते बदलत नाही, त्यामुळे मुलगा नसलेल्या बाईला येताजाता सगळे त्याच मुलाच्या नावाने हाक मारत. तिचा नवरा लटारू, रेल्वेच्या कामावर म्हणून नागभीडला गेला होता. दिवाळीला येतो म्हणाला. ती त्रेपन्नची दिवाळी.

आणि मी त्यानंतरच्या उन्हाळ्यात नागभीडवरून आलो होतो.

हे तिला गुरुजींच्या बोलण्यातून कळलं असावं. एका शनिवारी सारवून झाल्यावर तिने हात धुतले, स्टुलावर चढून मला कपाटावरून काढलं, भिंतीला टांगलं आणि समोर बसली. मला वाटलं, पदराने धूळ पुसेल.

"तू नागभीडून आला म्हणते," ती म्हणाली. "अकरा दिवस होता म्हणते तिथी. येक माणूस दिसला का रे तुले? उंच हाये. डाव्या भिवईवर खोक हाये."

मित्रांनो, मी गोणपाटात गुंडाळलेला होतो. माझ्या अंगावर सव्वीस राज्यं आहेत, नद्या आहेत, हाताने खणलेला एक लांबच लांब कालवा आहे. एवढं सगळं अंगावर बाळगणाऱ्या मला त्या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. इतकी लाज मला पुढे अंग कुरतडणाऱ्या उधईसमोरही वाटली नाही.

तेव्हापासून ती दर शनिवारी मला काढून टांगू लागली. कधी बोलायची, कधी नुसती बसायची. एकदा गुरुजी विसरलेली छत्री न्यायला परत आले आणि त्यांनी तिला माझ्यासमोर पाहिलं.

"काय बघता, बाई?"

"ह्या मुंग्या कायच्या जी?"

"मुंग्या नाहीत त्या. माणसं आहेत."

"कुठी चालली?"

"त्यांना काढून दिलं. जंगल त्यांचं होतं, जमीन चांगली होती."

"मंग त्याइनं कागद नाई केला का? अर्जगिर्ज?"

"केला ना. त्यांनी स्वतःची लिपी काढली होती. वर्तमानपत्र छापत होते. कोर्टात गेले, कोर्टाने त्यांच्या बाजूने सांगितलं. तरी काढून दिलं."

ताराबाई उठून त्या रांगेजवळ गेली. "एवढं लिवतावाचता येऊन," ती म्हणाली. मग तिने समुद्राकाठच्या एका छोट्या राज्यावर बोट ठेवलं. त्याच्यावर गुरुजींनी डकवलेली चिठ्ठी अर्धी सुटली होती. "आन् हे काय लिवलं?"

"न्यू जर्सी. इथं पूर्वी बायकांनाही मत होतं. पण कोणाला? जिच्या नावावर मालमत्ता असेल तिला. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरायचे, म्हणून नवरा नसलेल्या बाईलाच. अठराशे सातला तेही बंद केलं."

"नवरा नसला तं मत?"

"हो."

ताराबाई हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "तिथी नवरा नसला तं मत भेटे. इथी नवऱ्याचं नाव सांगतलं तं भेटते. मायासारखीनं कुठी जाव जी? हाये का नाई, तेच मले ठाऊक नाई."

गुरुजी छत्री न घेताच गेले.

त्यांना लागण्यासारखंच होतं ते. कारण बावन्नच्या निवडणुकीआधी मतदारांची यादी करायला घरोघर फिरले ते गुणवंतराव गुरुजीच होते. तेव्हा त्यांनी नाव विचारलं, तर घरातून लटारूच ओरडला, "लिवा, इस्तारीची माय!" आणि गुरुजींनी सरळ मनाने तसंच लिहिलं. त्या गावात अर्ध्या बाया अशाच लिहिल्या गेल्या, कोणाची तरी माय नाहीतर कोणाची तरी बायको. वरून हुकूम आला की ही नावं नव्हेत, खोडा. गुरुजींनी लाल शाईने खोडली.

छप्पन साली गुरुजी यादी करायला पुन्हा तिच्या दारी आले. मधल्या काळात आमचं गाव मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेलं होतं. गाव जागचं हललं नव्हतं, राज्यच हललं होतं. मला त्याचं नवल वाटलं नाही, माझ्या अंगावर असले प्रकार बरेच आहेत. या वेळी ताराबाईने खणखणीत सांगितलं, "ताराबाई." गुरुजींनी लिहिलं. मग पुढचा रकाना आला. नवऱ्याचे नाव.

तिने पदर तोंडाशी नेला. बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घेऊ नये. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. तुम्ही हसाल, पण विचार करा. नवरा समोर खाटेवर बसून बिडी ओढत असता तर एखादा दिवस कमी झाला तरी चाललं असतं. हा माणूस तीन वर्षांत दिसला नव्हता. त्याच्याजवळ किती दिवस शिल्लक आहेत ते तिला माहीत नव्हतं. त्यातले ती आपल्या हाताने कसे कमी करणार?

शेजारची रुखमाबाई म्हणाली, "मी सांगतो जी त्याचं नाव!"

"तू काऊन सांगशील?" ताराबाई खवळली. "तुवा नवरा हाये का?"

गुरुजींनी रकान्यात लिहिलं, 'नंतर'. असला शब्द सरकारी रकान्यात बसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्या शनिवारी ती मला म्हणाली, "यादी चावडीवर लावतेत म्हणे. तो आला वापस, आन् मी तवा बजारले गेलो असन, तं कोणाकडून वाचून तं घेईन ना तो? त्याचं आन् मायं नाव येकाच वळीत दिसन. समजन त्याले, का हे आतावरी इथीच हाये."

तिला मताशी एवढंच देणंघेणं होतं. कोणाचं राज्य येतं याच्याशी नाही. एका ओळीत दोन नावं.

सत्तावन्नच्या मार्चात मतदान आलं. शाळाच मतदानाची जागा. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, त्या पेट्या ठेवायच्या तिथं आडोसा हवा होता आणि तहसिलीतून आलेल्या साहेबांच्या सामानात पडदा सोडून सगळं होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"चित्र आतल्या बाजूला करा," साहेब म्हणाले. "बाहेर केलं तर अमेरिकेचा प्रचार होतो."

अशा रीतीने, मित्रांनो, मी भारतीय लोकशाहीचा पडदा झालो. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण दिवस मला कोणीतरी बघत होतं. एकेक माणूस चिठ्ठी घेऊन माझ्यामागे यायचा, समोरच्या चित्रांच्या पेट्या बघायचा, मग मला बघायचा. एक म्हातारा तर माझ्या कालव्यातच चिठ्ठी सरकवण्याची खटपट करत होता.

माझी एक कड गुंडाळून राहिल्याने बाहेर वळली होती, तिथून मला दुपारी बायांची रांग लांबलेली दिसली. मोहफुलं वेचायला परत जायचं म्हणून बाया कुरकुरू लागल्या. बोटाला शाई लावायचं काम झाडू कोतवालाकडे होतं. त्याने डोकं चालवलं. यादीत नाव सापडेपर्यंत रिकामं कशाला बसायचं? तो शाईची बाटली आणि काडी घेऊन उठला आणि रांगेतल्या सगळ्या बायांना उभ्याउभ्याच शाई लावून आला.

ताराबाईचा नंबर आला. तिने निळं लुगडं नेसलं होतं आणि ती तयारी करून आली होती हे तिच्या ओठांवरून दिसत होतं. ते आपल्याशीच हलत होते.

"नाव?" यादी घेऊन बसलेल्या गुरुजींनी विचारलं. पोरं नसली तरी त्यांचा आवाज वर्गातलाच होता.

"ताराबाई. मागच्या खेपेले तुमी 'नंतर' लिवलं होतं जी. ते नंतर आज हाये."

मागे रुखमाबाई म्हणाली, "आता का नाव घेते हे?"

ताराबाईने पदर सावरला, मान खाली घातली आणि म्हणाली,

"तळ्याच्या पाळीवर मोहाचं झाड,
लटारूरावांचं नाव घेतो, जाऊ द्या मले पडद्याआड."

उखाण्यात घेतलं तर नाव लागत नाही. उखाण्यात सूट असते. ही वाट तिने किती शनिवार शोधली असेल ते मला माहीत आहे, कारण पहिल्या ओळीतलं झाड आधी सागाचं होतं.

बायांनी टाळ्या पिटल्या. "घेतलं व माय, घेतलं!" झाडू कोतवालाने काडी वर केली. साहेबांनीही मान डोलावली आणि लगेच सरकारी चेहरा परत घातला.

गुरुजी यादीवर बोट फिरवत होते. वरून खाली आले. खालून वर गेले. दुसरं पान, तिसरं पान. मग त्यांचं बोट थांबलं ते कशावर नाही, नुसतंच थांबलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं नाव इथं नाही. रकाना अपुरा म्हणून वरच्या ऑफिसात खोडलेलं दिसतं."

"मी घेतलं ना आता नाव."

"ते आता यात लिहिता येत नाही."

टाळ्या थांबल्या. जे इतकी वर्षं जपून ठेवलं होतं ते ताराबाईने चारचौघांत काढून ठेवलं, आणि ठेवायला रकानाच नव्हता. तिने आपल्या बोटाकडे पाहिलं.

साहेबांनीही पाहिलं आणि ते अस्वस्थ झाले. "हिच्या बोटाला शाई कशी?"

"म्या लावली जी," झाडू म्हणाला. "सब्बायले लावली."

साहेबांसमोर मोठा पेच पडला. यादीप्रमाणे ही बाई नव्हतीच. बोटाप्रमाणे ही मत देऊन मोकळी झाली होती. नसलेल्या बाईने मत दिलेलं होतं, आणि ती अजून मत मागत समोर उभी होती.

"चिठ्ठी देता येणार नाही," साहेब शेवटी म्हणाले. "पण शाई लागली आहे, तेव्हा पडद्यामागे जाऊन आली असं दिसायला हवं. जाऊन या. पेट्यांना हात लावू नका."

ताराबाई निघाली. झाडूजवळ थांबली. "झाडूभाऊ, शाई सुकली माई. आखीन लाव."

सवयीने त्याने लावली. चांगली थबथबून.

ती माझ्यामागे आली. पेट्यांकडे तिने पाहिलंही नाही. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं ती न्यू जर्सी शोधेल. तिने मुंग्यांच्या रांगेवरून हवेतच बोट नेलं, नदी ओलांडली, आणि खूप पुढे, जिथं छापखान्याला काही ठाऊक नव्हतं म्हणून नुसता पांढरा कागद सोडला आहे, तिथं ते बोट टेकवलं. दाबून धरलं.

"ताराबाई," ती हळूच म्हणाली. नवऱ्याचं नाही. स्वतःचं.

मग ती बाहेर गेली आणि साहेबांनी पुढच्या बाईला हाक मारली.

असं काही झालेलं नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे.

ती शाई पाण्याने जात नाही, उलट उन्हाने काळी होते. त्यानंतरही वर्षभर ताराबाई शनिवारी यायची, मला टांगायची, त्या डागाकडे बघून सारवायला लागायची. मग एका शनिवारी टोपली बाजूला ठेवून म्हणाली, "मी नागभीडले जातो. पाह्यतो येकदा." दारात वळून म्हणाली, "तू गोणपाटात होता, मले समजते." मी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला समजलं. ती पोचली का, तो सापडला का, मला माहीत नाही. शाळा आता दुसरी कोणी सारवते. ती वर बघत नाही.

गुणवंतराव गुरुजींची बदली अहेरीला झाली. जाताना त्यांनी मला एकदा उलगडलं, डाग पाहिला, पुसायला रुमाल काढला आणि न पुसता खिशात ठेवला. नव्या गुरुजींना ते काय आहे ते कळेना. त्यांनी ते सरोवर धरलं. त्या वर्षी चिचटोल्याच्या तिसरीच्या सगळ्या पोरांनी अमेरिकेच्या मधोमध एक काळं सरोवर पाठ केलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, याचं नाव काय? पोरांनी गुरुजींकडे पाहिलं. मी सांगू शकलो असतो.

सध्या मी कपाटावरही नाही, कपाटाच्या मागे आहे. उधई लागली आहे. तिने समुद्राकाठच्या जुन्या राज्यांपासून सुरुवात केली आणि आता पश्चिमेकडे सरकते आहे. इतिहासातही असंच झालं होतं, म्हणून मी तिला दोष देत नाही. न्यू जर्सी गेलं. कालवा गेला. मुंग्यांच्या रांगेचं शेपूट गेलं. नदीपर्यंत यायला तिला अजून एक पावसाळा लागेल.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी इथं म्हणायला हवं. जपा. पण मला त्याहून निकडीचं एक काम आहे, म्हणून पुढचा मजकूर तुमच्यापैकी कोणी सुवाच्य अक्षरात उतरवून योग्य त्या ऑफिसात द्यावा.

प्रति, ज्यांच्याकडे हा विषय येत असेल ते साहेब, मुंबई राज्य.

विषय: एक मत मोजण्याबाबत.

महोदय, सन १९५७ च्या निवडणुकीत मौजे चिचटोला येथे एक मत पेटीऐवजी अर्जदारावर पडले आहे. ते आजपर्यंत मोजलेले नाही. तरी ते मोजण्यात यावे. मतदाराचे नाव ताराबाई असे यादीत घ्यावे. नवऱ्याच्या नावाचा रकाना तो परत येईपर्यंत रिकामा ठेवावा आणि रिकामा आहे म्हणून ओळ खोडू नये. यादी चावडीवर लावावी, उंच माणसाला वाचून दाखवता येईल अशी. या अर्जाचा निकाल लागेपर्यंत उधईस नदी ओलांडण्यास मनाई करण्यात यावी. उत्तर शाळेच्या कपाटामागे पाठवावे.

अर्जदारास हात नसल्याने सही करता येत नाही. खाली बोटाची निशाणी आहे. ती अर्जदाराची नाही.